सहा बांगड्यांचा वेळ

“फुटली का?” इंद्रभाननं विचारलं. पण मागे वळून काही पाहिलं नाही.

“एक फुटली,” दमणीच्या छताखालून प्रयागबाई म्हणाली.

“पेटीत दुसरी हाय ना?”

“हाय.”

“मंग घाला निवांत. बैल पानी पिऊन राह्यले.”

बैल पाणीबिणी काही पीत नव्हते! आसेगावच्या शिवेवरच्या त्या निंबाखाली पाणी येणार कुठून? भर श्रावणातही तिथं बैलाचं नाक ओलं होईल एवढं पाणी साचलं नव्हतं, आणि हा तर सदतीस सालातला कोरडा खडखडीत पौष. पण दोन वर्षं झाली, दर मंगळवारी इंद्रभान गाडी इथं थांबवायचा, खाली उतरायचा, दमणीकडे पाठ करून बैलांच्या मानेवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, बैल पानी पिऊन राह्यले. प्रयागबाई तेवढ्यात लाकडी पेटी उघडायची. वर कार्बोलिक साबण, स्पिरीट, कापूस, थर्मामीटर. खाली, फडक्यात गुंडाळलेल्या, सहा हिरव्या बांगड्या, एखादी जादाची, आणि कुंकवाची डबी.

तीन या हातात, तीन त्या हातात. मनगटाहून मोठ्या मापाच्या, घालायला-काढायला सोप्या. मग कुंकू. आरसा नव्हता, पण अंदाजानं टिकली बरोब्बर मधोमध बसायची. मग ती खोकायची. खोकली की इंद्रभान गाडीवर चढणार आणि बैलांना हाकणार. याबद्दल दोघं एकमेकांशी याहून जास्त कधी अवाक्षर बोलले नव्हते.

प्रयागबाईचं वय बत्तीस. नवरा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. भावानं तिला अमरावतीला नेऊन नर्सिंगच्या शिक्षणाला घातलं, आणि ती शिकलीही अशी झपाझप, की मंगरूळच्या दवाखान्यानं फिरता दवाखाना काढला तेव्हा डॉक्टरांनी पहिलं तिचंच नाव घेतलं. फिरता दवाखाना म्हणजे तरी काय, एक दमणी, छताची हलकी बैलगाडी, तिच्या कापडावर रंगवलेली तांबडी फुली, आत एक पेटी, एक वजनकाटा, एक नर्स. गावोगावच्या बाळंतिणी आणि त्यांची लेकरं तपासायची. लोक म्हणायचे, फुलीची गाडी आली!

पहिल्या महिन्यात ती पांढऱ्या लुगड्यात, मोकळ्या हातांनी गेली होती. दवाखान्यात शिकवलेलंच तसं. हात कोपरापर्यंत धुवा, हातात काहीही नको. अकरा घरांच्या उंबऱ्यावरून ती परत आली. सुईणीचं वेगळं होतं. ती यायची, नाळ कापायची, जायची, तिला कोणी सवाशीण आहेस का विचारत नव्हतं. पण त्यानंतर बारशापर्यंत बाळंतिणीच्या खोलीत जाणारी, लेकराला उचलणारी बाई भरल्या हातांचीच हवी. मोकळ्या हातांची बाई आत आली की दूध आटतं, असं सगळ्याच सासवा छातीठोक सांगत. अकराव्या उंबऱ्याआड एक लेकरू नाळ पिकून गेलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी प्रयागबाईनं बाजारातून सहा बांगड्या घेतल्या.

एवढं ते साधं खोटं. आणि त्या खोट्यानं किती दारं उघडली म्हणून सांगू!

आजचं पहिलं घर पंजाबरावांचं. त्यांच्या सुनेला मुलगा झाला होता, चौथा दिवस. पंजाबरावांची बायको रंगूबाई दारातच उभी होती.

“या बाई! फुलीची गाडी आज उशिरा आली. बैल म्हातारे झाले का गाडीवाला?”

“गाडीवाला,” इंद्रभान ओट्यावरून म्हणाला. “बैल माह्याइतके म्हातारे होऊदे, मंग पाहू तुमी त्याइले काय म्हनता त!”

आत प्रयागबाईनं बांगड्या कोपराकडे सरकवल्या, वर फडकं बांधलं, साबणानं हात धुतले. सुनेचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, लेकराची बेंबी पाहिली. बेंबीवर राख होती. ती तिनं पुसून काढली.

“आई, मी मागच्या खेपेले काय सांगतलं होतं?”

“मी नाई टाकली वो,” रंगूबाई म्हणाली. “तिच्या मायनं टाकली असंन.”

“माही माय त अजून आलीच नाई,” खाटेवरून सून हळूच म्हणाली, आणि रंगूबाईसकट सगळ्या खोलीला हसू फुटलं.

मग वजन. वजनकाटा आढ्याच्या कडीला अडकवायचा, खाली झोळी, झोळीत लेकरू. पण लेकराचं वजन तोंडानं बोललं की नजर लागते! पहिल्यांदा यावरून केवढी भांडणं झाली होती. शेवटी प्रयागबाईनंच तोड काढली.

“किती झाली वांगी?” रंगूबाईनं डोळे मिचकावत विचारलं.

“सव्वातीन शेर. ताजी न चमकदार.”

“काटेरी हायेत का बिनकाट्याची?”

“रात्रभर रडते त्याच्यावरून काटेरीच दिसतात,” सून म्हणाली.

अशी ती हसतखेळत पेटी आवरत होती, तेवढ्यात परसदारातून हौसाबाई आली. ती मळ्यांमधून मजुरी करणारी, पायांना अजून ओली माती लागलेली.

“नर्सबाई, तुमालेच पाहून राह्यली होती. जगदेवच्या मळ्यात चाला. त्याची बायको तुळसा, बाळतीन होऊन आठ रोज झाले. हीव भरून ताप येते. अंगावर जाते त्याले वास मारते. सासूनं बलावलं तुमाले.”

प्रयागबाईचा हात पेटीच्या झाकणावर तसाच राहिला.

थंडी वाजून ताप. घाण वास. म्हणजे वारेचा तुकडा आत राहिला असणार. हे तिला अमरावतीला पहिल्या सहा महिन्यांतच शिकवलं होतं. अशी बाई घरी ठेवायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची.

“सासू कोन?” तिनं विचारलं. उगाच विचारलं. तिला ठाऊक होतं.

“जमनाबाई. वळखत नाई का तुमी?”

ओळखत नाही कशी! जमनाबाई तिची नणंद. मेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण. आसेगावच्या फेरीत जगदेवचा मळा प्रयागबाईनं दोन वर्षांत एकदाही घेतला नव्हता. तो गावाबाहेर होता म्हणून नव्हे, त्या एका बाईसाठी. नवऱ्याच्या दहाव्याला नदीच्या काठावर जमनाबाईनंच तिचे दोन्ही हात धरून दगडावर ठेवले होते, आणि दुसऱ्या दगडानं बांगड्या फोडल्या होत्या. हिरव्याच होत्या. एक तुकडा उडून जमनाबाईच्या हनुवटीला लागला, तरी ती थांबली नाही. शेवटची बांगडी फुटेपर्यंत.

त्याच बाईसमोर आता हे हात घेऊन जायचं? जमनाबाई बघताक्षणी बोंब मारणार. संध्याकाळपर्यंत आसेगाव, दोन दिवसांत शेलूबाजार, आठवड्यात सगळा तालुका. नर्सबाई रांडमुंड आहे, कुंकू लावून आमच्या बाळंतिणींना हात लावत होती! आणि त्या सत्तावीस बाळंतिणींचं काय, ज्यांची नावं या महिन्याच्या यादीत होती? त्यांच्या दारांचं काय?

सत्तावीस विरुद्ध एक. असा हिशेब तिनं केला. हिशेब चुकला नव्हता, पण तो करायला बसली तिथंच चुकली.

“मले अजून तीन घरं हायेत,” ती म्हणाली. एकच उरलं होतं. “या पुड्या ने. तापाच्या हायेत. आन जमनाबाईले सांग, उद्याच्या उद्या तुळसाले बैलबंडीत घालून मंगरूळले आना. उद्याच. वास येते म्हनजे घरी ठेवाचं नाई, असं सांग. समजलं?”

“समजलं. पन तुमी येऊन एक डाव पाह्यलं असतं त…”

“सांगतलं ना तुले!”

हौसाबाईनं पुड्या पदरात बांधल्या. प्रयागबाई असं कधी कोणावर ओरडली नव्हती.

परतीची वाट मळ्यावरूनच जाणार होती, दुसरी वाट पेरलेली होती. ऊन अजून चांगलं वर होतं. कुंपणाच्या आत वांग्यांचे वाफे, मिरच्या, पलीकडे मोट थांबलेली. झोपडीच्या दारावर लुगड्याचा पडदा. आतून लेकरू रडत होतं, आणि ते ताकदीचं रडणं नव्हतं. पावसात भिजलेल्या मांजराच्या पिल्लासारखं, धापा टाकत. असलं रडणं म्हणजे लेकराला दूध पुरत नाही, हेही प्रयागबाईला शिकवलेलं होतंच की!

इंद्रभाननं कासरा ओढला. बैल मंद झाले.

“जायाचं का मळ्यात?”

प्रयागबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“हाका,” ती म्हणाली.

बुधवारी ती दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालत होती. गुरुवारीही. आसेगावची बंडी आली का, असं तिनं शिपायाला इतक्यांदा विचारलं की शुक्रवारी तो तिला बघूनच मान हलवू लागला. शनिवारी तिनं मनाला समजावलं, बरी झाली असेल, म्हणूनच आणली नाही. रविवारी तिला ते जवळजवळ खरं वाटू लागलं. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो, नाही?

मंगळवारी इंद्रभाननं निंबाखाली गाडी थांबवली.

“बैल पानी पिऊन राह्यले,” तो म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

प्रयागबाईनं पेटी उघडली. एक बांगडी घातली. दुसरी घातली. तिसरी बोटांच्या पेरांवर अडली होती, तेव्हा निंबाच्या बुंध्यामागून एक बाई उठून उभी राहिली. हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं. हनुवटीवर बारीक पांढरा वण.

प्रयागबाईच्या हातातली बांगडी तशीच राहिली, ना आत ना बाहेर.

“घाल, घाल,” जमनाबाई म्हणाली. “मी थांबते.”

इंद्रभान बैलांच्या तोंडासमोर दगडासारखा उभा. वळला नाही.

“मोठ्या बाई…” प्रयागबाई कशीबशी म्हणाली. “तुळसा?”

“परवा गेली. पाहाटच्याले.” जमनाबाईनं गाठोडं जरा वर घेतलं. “हे राह्यलं. पोरगी हाय. तवापासून शेळीचं दूध कापसानं पाजून राह्यली, पन ते टिकत नाई तिच्या पोटात.”

“मी निरोप धाडला होता. मंगरूळले आना म्हनून. उद्याच्या उद्या म्हनून.”

“आला ना निरोप. हौसाबाईनं सांगतला.” जमनाबाईच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट. “पन हौसाबाईचं कोन आयकते, प्रयागा? मजुरी करनारी बाई. जगदेव म्हने, नर्स खुद येऊन पाहात नाई, म्हनजे तेवढं काई नसंन. दुसऱ्या रोजी शेलूबाजारचा बजार होता. वांगी तोडून ठेवली होती. तो बंडी घेऊन वांगी इकाले गेला. तू दारात उभी राहून सांगतलं असतं ना, त मी वांगी चिखलात फेकून देल्ली असती.”

निंबाचा पाला सळसळला. प्रयागबाईनं अडलेली बांगडी पेरांवरून काढून पेटीत टाकली.

“मले वाटलं, तुमी मले पाह्यल्यावर…”

“काय पाह्यल्यावर? ह्या?” जमनाबाईनं तिच्या बांगड्यांकडे हनुवटी केली. “दोन सालापासून म्हाईत हाय मले. शेलूबाजारात पाह्यलं होतं तुले, या गाडीत बसली होती. मनात आलं, जाऊन बोलाव. मंग म्हटलं नाई, आपन गेलो त लोकं इचारतीन तुमची कोन, न माह्या तोंडातून एखांद्या डाव निघून जाईन. म्हनून गेली नाई.”

“कोनालेच नाई सांगतलं?”

“कायले सांगीन? फोडल्या त मीच होत्या ना माह्या हातानं.” तिनं गाठोडं दुसऱ्या हातावर घेतलं. “रितच होती तशी. पन तू घातलेल्या पाह्यल्या त जिवाले बरं वाटलं, खरं सांगते. म्हनून त तुले बलावलं. नर्सले नाई. तुले बलावलं होतं म्या.”

प्रयागबाई दमणीतून खाली उतरली. हात चालू लागले. हात शिकलेले असतात, ते मनाची वाट बघत नाहीत. तिनं वजनकाटा निंबाच्या खालच्या फांदीला अडकवला. झोळी बांधली. गाठोडं सोडलं. पोरगी हिरवट पिवळी, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

“किती हाय?” जमनाबाईनं विचारलं.

वांगी हा शब्द प्रयागबाईच्या तोंडातून निघेना.

“दोन शेर,” ती म्हणाली. नुसतंच.

या पोरीला शेळीचं दूध नको होतं, आईचं हवं होतं. आणि अंगावर भरपूर दूध असलेली ओली बाळंतीण आसेगावात एकच होती. पंजाबरावांची सून. उद्या तिच्या लेकराचं बारसं.

“चला बाई,” प्रयागबाई म्हणाली. “गाडीत बसा.”

आणि गाडी गावात शिरली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपल्या एका हातात दोन बांगड्या आहेत, दुसरा हात मोकळा आहे, आणि कुंकू लावलेलंच नाही. पेटी मांडीवरच होती. अजून वेळ होता. वळणापर्यंत उरलेल्या चारही बांगड्या चढल्या असत्या. तिनं हातातल्या दोन काढल्या आणि पेटीत ठेवल्या.

रंगूबाई दारातच होती. तिनं नेहमीसारखे आधी हात पाहिले. मग कपाळ पाहिलं. मग जमनाबाईकडे, गाठोड्याकडे, परत हातांकडे.

“बाई, हे काय?”

“मले नवरा नाई, आई. तेरा सालं झाले. बांगड्या खोट्या होत्या.” प्रयागबाई उंबऱ्याबाहेर, पायरीच्याही खाली उभी राहिली. “बाकीचं समदं खरं होतं. मी आत येत नाई. पन ही पोरगी, हिची माय परवा गेली. माह्यामुळं गेली. हिले दूध पाह्यजे.”

रंगूबाईचं तोंड लाल झालं. काय काय बोलली ती! चार दिवसांच्या माझ्या नातवाला या हातांनी उचललंस, माझ्या घरात, माझ्या खोलीत! शेजारणी दारांत आल्या. इंद्रभान खाली मान घालून कासरा धरून उभा होता. प्रयागबाई सगळं ऐकत राहिली.

तेवढ्यात गाठोड्यातली पोरगी रडली. तेच धापा टाकत. आणि आतल्या खोलीतून सुनेचा आवाज आला, “आत्याबाई, कोनाचं लेकरू हाय ते? आना इकडे.”

रंगूबाई बोलता बोलता थांबली. तिनं जमनाबाईपुढे दोन्ही हात केले.

“दे इकडे,” ती म्हणाली. मग प्रयागबाईकडे न बघता, “तू भायेरच राय.”

प्रयागबाई बाहेरच राहिली. दार लागलं. जमनाबाई ओट्याला टेकून बसली, आणि दोघी त्या लागलेल्या दाराला कान देऊन राहिल्या. बराच वेळ रडणं येत होतं. मग अडखळत येऊ लागलं. मग थांबलं, आणि सून आतून म्हणाली, “लागली वो, लागली!”

जमनाबाईनं पदरात तोंड घातलं. प्रयागबाईला रडताही आलं नाही. तुळसा कशी दिसायची, हेही तिला ठाऊक नव्हतं.

ती गोष्ट तालुकाभर झाली, व्हायचीच होती. त्या महिन्यात एकोणीस दारं लागली. मग प्रयागबाई उंबऱ्याबाहेर बसूनच विचारू लागली, ताप आहे का, हीव भरतं का, वास येतो का. आतून सासवा सांगत, नाही, नाही, नाही. तिचा विश्वास बसत नसे. ती पुन्हा विचारी. ऊन कलेपर्यंत तिथून हलत नसे, थर्मामीटर पाठवायची, परत मागवून स्वतः बघायची. हळूहळू, कुठे सहा महिन्यांनी, कुठे दोन वर्षांनी, काही दारं उघडली. काही कधीच उघडली नाहीत. पण बोलावणं आलं आणि ती गेली नाही, असं मात्र पुन्हा झालं नाही.

जगदेवच्या मळ्यात ती दर मंगळवारी जायची. जमनाबाईनं वजनकाट्यासाठी झोपडीच्या आढ्याला लोखंडी कडी ठोकून घेतली होती. पोरगी तीन शेर झाली, पाच झाली, मग झोळी पुरेना. मग ती वाफ्यांतून धावत यायची, आणि प्रयागबाईच्या मोकळ्या मनगटाला धरून तिला आत ओढायची.

म्हातारे बैल गेले, नवी जोडी आली. पहिल्याच मंगळवारी इंद्रभाननं नव्या जोडीला निंबाखाली थांबवलं, आणि सवयीनं खाली उतरून पाठ करून उभा राहिला. मग त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं.

“चुकलो बाई. आता कायले थांबाचं अठी. निघतो.”

“राहू द्या,” प्रयागबाई म्हणाली. “बैल पानी पिऊन राह्यले.”

आणि सहा बांगड्या चढवायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ ती दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. मग खोकली.